गांजाचं नंतर बघू, आधी भावाशी बोला

प्रश्न : आम्ही डिचोलीचे. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, अकरावीपासून गांजा ओढतो, आता तर रोजच. हल्ली जेवायला पण खोलीबाहेर येत नाही. परवा आपली पेटी शेजारच्या पोराला देऊन टाकली, मला आता नको म्हणाला. देवळात भजनाला हाच वाजवायचा. आई म्हणते गांजा बंद केला की ताळ्यावर येईल. गांजाचा आत्महत्येशी संबंध असतो म्हणतात, खरंय का?

उत्तर : ताई, मला गांजापेक्षा त्या पेटीची जास्त काळजी वाटतेय. जिवापाड जपलेली वस्तू अशी देऊन टाकणं आणि माणसांपासून दूर राहणं, ही धोक्याची खूण असू शकते, म्हणून आजच दोघंच असताना त्याला सरळ विचारा, "तुला मरावंसं वाटतं का रे?" घरी कोकणी बोलत असाल तर कोकणीतूनच. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल असं खूप जणांना वाटतं, पण तसं होत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. लेक्चर नको, फक्त ऐका. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, थेट बांबोळीला इस्पितळात न्या.

संबंध आहे, हो. २०१९ साली ११ अभ्यास एकत्र करून बघितले, २३ हजारांवर मुलं होती, त्यात अठराच्या आत गांजा ओढणाऱ्यांमध्ये पुढे तरुणपणी आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा साधारण साडेतीन पट दिसली. आता गांजामुळेच असं होतं की आधीच मन खचलेलं म्हणून पोरं गांजाकडे वळतात, हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, बहुतेक दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं. म्हणूनच आईचं म्हणणं मला अर्धंच पटतं. शिवाय रोज ओढणाऱ्याने एकदम सोडलं की पहिला आठवडा-दोन आठवडे झोप उडते, चिडचिड होते, मन आणखी उदास होतं, त्यामुळे पुडी फेकून दिली आणि काम झालं असं समजू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडू दे.

बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात मानसोपचार आणि व्यसन दोन्हींवर उपचार मिळतात. रात्री-अपरात्री टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालेल. आणि पोलिसांच्या भीतीने थांबू नका, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनाच्या उपचाराला जाणाऱ्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातच आहे.