आरसी (रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या) गाडीला ब्रशलेस मोटर बसवली, पण गुहागरच्या वाळूत पाच मिनिटांत तापते. काय बदलू?

मोटर नवी, पण पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा, मोठ्या गिअरला फिरवणारा छोटा गिअर) जुनाच ठेवलात ना? तिथेच गोम आहे. ओल्या वाळूत चाकं रुततात, सगळा लोड मोटरवर. दोन दात कमी असलेला पिनियन लावा. टॉप स्पीड थोडा जाईल, जाऊ दे. बसवताना दोन गिअरांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून स्क्रू आवळा, मग पट्टी ओढून काढा.

एका वेळी एकच पार्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. थ्री-एस बॅटरी, म्हणजे तीन सेलची, ११.१ व्होल्टची, सध्या नकोच; जास्त व्होल्टने मोटर आणखी तापेल.

आणि खारं पाणी! माझे बेअरिंग एका पावसाळ्यात गंजून करकरायला लागले. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, वाळवा, बेअरिंगला तेलाचा एक थेंब.