स्नोमोबाइलच्या स्कींना वर-खाली होणारी चाकं बसवली तर गाडी हलवणं सोपं जातं का?

जातं. पण चाक एका पिनेवर अडकवायचा विचार असेल तर आधी माझ्या फुटलेल्या विंडशील्डची गोष्ट वाचा.

(नवख्यांसाठी: स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, पुढे वळणाऱ्या दोन स्की आणि मागे ढकलणारा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक.) तुम्ही लिहिलंय की गॅरेजपासून ट्रेलपर्यंत, म्हणजे या गाड्यांच्या बर्फाळ वाटेपर्यंत, दीडशे फूट उघडा डांबरी रस्ता आहे, स्कीखालचं कार्बाइड, म्हणजे वळताना बर्फाला धरणारी कडक धातूची धार, झिजतंय आणि गॅरेजच्या काँक्रीटवर चरे पडलेत. हे सगळं माझ्याकडे होऊन गेलंय. मी अमेरिकेत, मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, हॉटनला राहतो. शिकायला आलो आणि परत जायचं राहून गेलं. आमच्या उत्तरेच्या क्युविनॉ काउंटीत १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडला होता, त्याची उंच पट्टी हमरस्त्याच्या कडेला उभी आहे. अशा मुलखात राहून मला गाडी सरकवायला बर्फ कमी पडतो, हे इचलकरंजीला फोनवर सांगितलं की आई म्हणते, थापा मारू नकोस. पण बर्फ लोटणारा नांगर फिरून गेला की रस्ता काळाकुट्ट. हॉटन आणि हॅनकॉकमधल्या उचलपुलाचा खालचा मजला हिवाळ्यात स्नोमोबाइलला मोकळा असतो, एवढा इथे या गाड्यांचा मान. माझ्या घरापासून ट्रेलपर्यंतचा रस्ता मात्र मला स्की घासतच पार करावा लागायचा.

तर तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आमचे साडू शिकागोहून आले. सांगलीचे, वयाने मोठे, सॉफ्टवेअरमध्ये. गॅरेजच्या फरशीवरचे चरे बघून म्हणाले, "पाहुणं, एवढं मेकॅनिकल शिकलाय आणि स्कीला दोन चाकं लावता येईनात होय?" हिच्यासमोर म्हणाले, म्हणजे विषय संपला. त्याच दुपारी दुकानातून ट्रॉलीची चार इंची फिरती चाकं आणली.

माझं म्हणणं दोन गोष्टींवर होतं. एक, फिरतं चाक नको. स्की स्वतःच स्पिंडलभोवती, म्हणजे तिला गाडीशी जोडणाऱ्या उभ्या दांड्याभोवती वळते, मग तिच्यावर पुन्हा स्वतःच्या मर्जीनं वळणारं चाक कशाला? सरळ, न फिरणारं चाक स्पिंडलच्या अगदी जवळ हवं, कारण वजन तिथूनच खाली येतं. फार पुढे बसवलं तर स्कीची शेपटी घासते, फार मागे बसवलं तर टोक खाली झुकतं. मी बाथरूमचा वजनकाटा एकेका स्कीखाली ठेवून बघितला होता, दोन्हीकडे ५५ किलोच्या आसपास. म्हणजे भार काही अचाट नाही, नेमक्या जागी घेतला की झालं. दुसरं म्हणजे लॉक. चाक खाली असताना ते कशानं अडकून राहणार? साडूंनी एक आरपार पिन घातली. पिन घातली की चाक खाली, काढली की वर. "बास झालं की, एक पिन. उगं गुंतागुंत नको."

माझे वडील यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. हादरे बसतात तिथे पिनेच्या भरवशावर काही सोडायचं नाही, हे मी हाफपँटीत असताना त्यांच्याकडून ऐकलेलं. साडूंना तेही सांगितलं. त्यावर ते हसले आणि म्हणाले, हा माग नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आदल्या दिवशी पाणी झालं होतं आणि रात्री पुन्हा गोठलं होतं, ट्रेल नुसती काच. पुढे मी, मागे भाड्याच्या गाडीवर साडू. चाकं खाली करून रस्ता ओलांडला, आणि कबूल करतो, काय मजा आली! ना खरखर, ना ठिणग्या, हँडल एका बोटानं वळत होतं. त्या खुशीत चाकं वर करायची विसरलो. हॅनकॉक-कॅल्युमेटच्या जुन्या रेल्वेमार्गावरची ट्रेल लागली, पहिल्याच फाट्याला डावीकडे हँडल वळवलं. स्की वळल्या. गाडी वळली नाही. भुसभुशीत बर्फात चाक रुतलं असतं आणि कार्बाइड टेकलं असतं. कडक बर्फावर मात्र गाडी त्या दोन गुळगुळीत चाकांवर उभी, आणि बर्फाला धरणारं कार्बाइड इंचभर हवेत. वेग ताशी पंधरा मैलांच्या वर नसेल. सरळ बर्फाच्या ढिगात आणि त्यामागच्या देवदारात. विंडशील्डचे दोन तुकडे, माझा डावा गुडघा सुजून नारळाएवढा.

मागून दोन म्हातारे आले, या भागातले, मूळ फिनलंडकडच्या घराण्यांतले, कमी बोलणारे. गाडी ओढून बाहेर काढली. एकानं वाकून चाकं निरखली आणि मला म्हणाला, "सायकल जुलैमध्ये चालवतात इथे." गेले.

साडूंचं म्हणणं आजतागायत एकच: चाकं वर करायला हा विसरला, यात पिनेचा काय दोष? शिकागोच्या गणपतीत ही गोष्ट मी तीनदा ऐकली आहे, प्रत्येक वेळी माझा वेग वाढलेला. आता त्यांना तोंडावर जे बोलता आलं नाही ते तुम्हाला सांगतो. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. कामगाराची डुलकी धरूनच ती सोय केलेली असते. माझा विसराळूपणाही चाक बनवतानाच धरायला हवा होता.

पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः बनवलं ते असं. चाक एका छोट्या आर्मवर, म्हणजे बिजागरीवर फिरणाऱ्या दांड्यावर. आर्म पुढून खाली येतो आणि सरळ उभ्यापेक्षा थोडासा मागे कलून एका थांब्यावर टेकतो. गाडीचं वजन त्याला थांब्यावरच दाबून धरतं, पिन लागतच नाही. आर्मला एक ओढस्प्रिंग, जी त्याला सतत वर खेचत असते. खाली करताना स्की उचलायची, आर्म पायानं दाबायचा, स्की सोडायची. स्की क्षणभर हलकी झाली की स्प्रिंग जिंकते आणि चाक वर जातं. म्हणजे विसरलात तरी ट्रेलवरच्या पहिल्या उसळीला चाकं मिटतात. खड्ड्याच्या रस्त्यावरही कधी मिटतात, पण तेव्हा फक्त खरखर ऐकू येते, झाडात जायला होत नाही. रिव्हर्स घेताना चाक फटीत अडकलं तरी मिटतं, त्याची सवय करून घ्या. मिटलेलं चाक स्कीच्या तळापासून निदान दोन इंच वर राहायला हवं, नाहीतर बर्फ कोंबला जाऊन गोळा होतो, आणि गोठलेला आर्म लाथ मारूनही हलत नाही. माझा दोनदा गोठलाय. बेअरिंग सीलबंद घ्या, रस्त्यावरचं मीठ कुणाला सोडत नाही. प्लास्टिकच्या स्कीला भोक पाडणार असाल तर मधल्या फुगीर कण्याला हात लावू नका, वरून पोलादी पट्टी द्या आणि हादऱ्यानं सैल न होणारे नायलॉक नट वापरा.

कल्पना नवी नाही, म्हणून साडूंनी फार श्रेय घेऊ नये. १९५९ मध्ये स्की-डू आणणाऱ्या क्विबेकच्या बोंबार्डिए यांच्या जुन्या बंद टपाच्या गाड्यांनाही पुढच्या स्की काढून चाकं लावता यायची. आणि तयार, मिटणारी चाकं विकतही मिळतात. मी घेतली नाहीत, कारण तेव्हा प्रश्न इभ्रतीचा होता.

हे आधी सांगायला हवं होतं: चाकं पुढचा अर्धाच प्रश्न सोडवतात. मागचा ट्रॅक जमिनीवरच असतो. इंजिन बंद असेल तर मागून गाडी उचलावीच लागते. नुसतं गॅरेजात इकडून तिकडे करायचं असेल तर गाडीखाली सरकवायच्या चाकांच्या पाट्या, म्हणजे तीन डॉल्या घ्या, स्कीला भोकं पाडू नका. आणि लिक्विड-कूल्ड, म्हणजे द्रवानं इंजिन थंड करणारी गाडी असेल तर कोरड्या रस्त्यावर दीडशे फूट ठीक आहे, दीड मैल नाही. तिचे हीट एक्स्चेंजर ट्रॅकनं उडवलेल्या बर्फानं थंड होतात, ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या रेल्सवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनाही बर्फच वंगण. बर्फ नसेल तर त्या वितळतात, पुढे कितीही चांगली चाकं असोत. माझी जुनी, पंख्याच्या हवेनं थंड होणारी आहे, तरी पट्ट्यांच्या बाबतीत तिलाही सुटका नाही. चाकं खाली असताना बर्फावर वळायचा प्रयत्न करू नका, ते वर सांगून झालंय. रस्ता कुठे आणि कसा ओलांडायचा ते तुमच्या भागातले नियम बघून ठरवा.

खर्च विचारला होतात. पोलाद आमच्या वर्कशॉपच्या भंगारातलं, फुकट. चाकं, बेअरिंग, स्प्रिंगा मिळून साठ डॉलर. विंडशील्डचे एकशेचाळीस यात धरलेले नाहीत. ते कुणी द्यायचे यावर आमचं आणि साडूंचं अजून चालू आहे.