नेब्रास्कातल्या खापरपणजोबांचा माग: आधी जमिनीची फाइल काढा

तुम्ही विचारलंय: बायकोचे खापरपणजोबा 1870 च्या दशकात स्वीडनहून नेब्रास्कात आले, एलिस आयलंडवर त्यांचं आडनाव बदललं असं घरात सांगतात, तर त्यांचे आईवडील कसे शोधायचे?

एलिस आयलंडची गोष्ट आधी डोक्यातून काढा. ते केंद्र सुरू झालं 1 जानेवारी 1892 ला. 1870 च्या दशकात न्यूयॉर्कला उतरणारे कॅसल गार्डन या जुन्या केंद्रातून जात. आणि कारकून कुठेच नवी नावं ठेवत नव्हते, प्रवाशांच्या याद्या जहाजाकडूनच तयार होऊन येत. आडनाव बदललं असेल तर त्यांनी स्वतः, इथे रुळताना. ही दंतकथा खोडून काढायचा मला आता कंटाळा आलाय, तरी प्रत्येक वेळी खोडणार.

माग सुरू करा जमिनीपासून. 1862 च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे वस्ती करणाऱ्यांना सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याने, 160 एकर मिळत. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि सात वर्षांच्या आत ते सिद्ध करायचं. सरकारच्या जुन्या जनरल लँड ऑफिसच्या (जमीन वाटणाऱ्या खात्याच्या) नोंदींच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की पेटंट, म्हणजे जमिनीच्या मालकीचा कागद, फुकट दिसतं. बहुतेक जण ते छापून घेतात आणि काम झालं म्हणतात. अहो, पेटंट ही नुसती सनद. नाव, तारीख, जमिनीचं वर्णन, संपलं. माणूस सापडतो तो नॅशनल आर्काइव्हजमधल्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या) त्याच्या दाव्याच्या फायलीत. अर्जदाराची जबानी, दोन साक्षीदारांच्या जबान्या, घर केवढं, विहीर आहे का, किती एकर नांगरली, घरात माणसं किती, कुठल्या तारखेपासून राहतोय, सगळं. अर्जदार परदेशी असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही. तो मधेच वारला असेल तर विधवा किंवा वारस पुरावा देत, म्हणजे मृत्यूचा माग तिथेच लागतो. फाइल मागवताना राज्य, लँड ऑफिसचं नाव आणि अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक लागतो, हे तिन्ही पेटंटच्या नोंदीतून उतरवून घ्या. नेब्रास्काच्या फायली स्कॅन झाल्या आहेत, तेव्हा आधी ऑनलाइन बघा.

साक्षीदारांची नावं वाचून सोडून देऊ नका. ते बहुधा शेजारी असतात, आणि स्वीडिश वस्तीत शेजारी म्हणजे पुष्कळदा मेहुणा किंवा त्याच गावचा माणूस. तुमच्या माणसाचं मूळ गाव सापडत नसेल तर साक्षीदाराचं शोधा.

पेटंटच सापडलं नाही तर दोन शक्यता. एक, दावा अर्धवट सुटला. संकेतस्थळावर फक्त पूर्ण झालेले दावे असतात, सुटलेले ट्रॅक्ट बुकांत, म्हणजे लँड ऑफिसच्या जमीनवार नोंदवह्यांत दिसतात आणि ती फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत. दुसरी, जमीन रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. सरकारने रेल्वेला दिलेल्या पट्ट्यात विषम क्रमांकाचे सेक्शन (एक चौरस मैलाचे तुकडे) रेल्वेचे असत, त्यामुळे सेक्शन क्रमांक विषम दिसला की काउंटीतली खरेदीखतं उघडा. या पट्ट्यात 1879 पर्यंत होमस्टेडही साधारणपणे 80 एकरांचंच मिळे, तेव्हा निम्मी जमीन बघून गोंधळू नका.

आता आईवडील. 1880 च्या जनगणनेत त्यांचं फक्त जन्मस्थान असतं, नाव नाही. 1890 ची जवळजवळ सगळी गेली, 1921 च्या आगीमुळे. मधली फट नेब्रास्काची 1885 ची गणना भरते. नावं मिळतील चर्चच्या वहीत. स्वीडिश लुथरन मंडळ्या नवा सभासद कुठल्या पॅरिशमधून, म्हणजे स्वीडनमधल्या कुठल्या चर्चच्या हद्दीतून आला ते लिहीत. पॅरिश कळली की स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तिथल्या घरवार नोंदवह्या विनामूल्य पाहता येतात. एक खाचखळगा: आडनाव अँडरसन असेल तर वडिलांचंही अँडरसन असेल असं धरू नका. जुन्या रीतीने त्याचा अर्थ ‘अँडर्सचा मुलगा’, वडील अँडर्स, आणि त्यांचं आडनाव त्यांच्या वडिलांवरून. इथेच लोक वाट चुकतात, आणि ऑनलाइन वंशवृक्षांत ती चूक नकलून नकलून खरी ठरते. ज्या नोंदीला मूळ कागद जोडलेला नाही ती मी धरत नाही, सासरचे कितीही ठामपणे सांगोत.

हे सगळं संघराज्याने जमीन वाटलेल्या राज्यांपुरतं. मूळ तेरा वसाहती आणि टेक्सास इथे जमीन राज्याने वाटली, तिथे ही फाइल मिळणार नाही.