'रिपर्फ्यूजन इंज्युरी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: अडलेले रक्त पुन्हा सुरू झाल्यावर ऊतींना होणाऱ्या इजेला 'पुनर्रक्ताभिसरण इजा' म्हणावे का? आणि 'प्रीकंडिशनिंग'ला, म्हणजे मोठ्या अडथळ्याआधी पुरवठा थोडा थोडा वेळ तोडून ऊतींना तयार करण्याला, काय म्हणावे?

'रक्ताभिसरण' इथे नको. अभिसरण म्हणजे हृदयापासून हृदयापर्यंतचा सगळा फेरा. इथे तुटतो तो एका अवयवाचा पुरवठा. 'पुनर्र' मात्र खटकू नये. संस्कृत संधीने निर् + रोग = नीरोग होते, तसे 'पुनारक्त' व्हायला हवे; पण 'पुनर्रचना' मराठीने केव्हाच पचवली आहे.

'पुनःप्रवाह' सुटसुटीत वाटतो, पण पुढे अडवतो. कधी मोठी धमनी मोकळी होऊनही केशवाहिन्या सूज, पांढऱ्या पेशी आणि सूक्ष्म गुठळ्यांनी तुंबलेल्या राहतात. या 'नो-रिफ्लो'साठी 'प्रवाह' राखून ठेवावा लागतो. म्हणून 'पुनःपुरवठा इजा' बरा. पहिल्या उल्लेखात 'रक्ताचा पुरवठा पूर्ववत झाल्यामुळे होणारी इजा' असे उलगडून लिहावे.

ही इजा आणि 'अरक्ततेची हानी' (पुरवठा तुटलेला असताना रक्ताविना होणारी) एक नव्हे. अनुवादात सर्वाधिक घोळ इथेच होतो. पुरवठा तुटल्यावर पेशीतले एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) संपते, आम्लता वाढते. रक्त परतताच ऑक्सिजनपासून मुक्त मूलके (फ्री रॅडिकल्स, पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील कण) बनतात, पेशीत कॅल्शियम साचते. तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जाकेंद्रे) आवरणातली छिद्रे आम्लतेमुळे मिटलेली असतात. आम्लता झपाट्याने उतरली की छिद्रे उघडतात आणि तगलेली पेशीही मरते. अर्थात म्हणून रक्त उशिरा सोडावे असे नाही. पुरवठा लवकर सुरू करणे हाच मूळ उपचार, आणि वाक्यरचनेने तसा गैरसमज होऊ देऊ नये.

'प्रीकंडिशनिंग'ला 'पूर्वानुकूलन' चपखल आहे. 1986 च्या प्रयोगात कुत्र्यांच्या हृदयाची धमनी 5 मिनिटे बंद, 5 मिनिटे खुली असे 4 वेळा करून मग 40 मिनिटे बंद ठेवली. मृत स्नायूचा भाग एरवीच्या सुमारे चौथाईवर आला. अडथळा काढल्यानंतर 30-30 सेकंदांची उघडझाप करणे (2003) म्हणजे 'उत्तरानुकूलन'. दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून-सोडून हृदय वाचवू पाहणे ते 'दूरस्थ अनुकूलन'. या शेवटच्याबद्दल 'संरक्षण देते' असे क्रियापद टाळा: 2019 च्या हृदयविकाराच्या झटक्यावरील मोठ्या चाचणीत रुग्णांना फायदा दिसला नाही. 'संरक्षणासाठी अजमावलेला उपाय' एवढेच लिहावे.