भिंतीपलीकडून ऐकव

सोलापूर

प्रिय मित्रा,

वडिलांवरच्या तुझ्या अल्बमचे सगळे ट्रॅक ऐकले. तिसरा मात्र निम्म्यावर सोडला. तिथे सारंगी आणून तू दुःख आयतं वाढून ठेवलंस. (वाजलीय सुरेख, त्यामुळे काढायला जिवावर येईल. तरी काढ.)

आठ वर्षांच्या पोराला बाप गेल्याचं कुणी नीट सांगत नाही. पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या तुमच्या घरात तुला ते कळलं, कारण भिंतीपलीकडचा माग भरदिवसा बंद होता. हे तुझंच सांगणं. आणि अल्बममध्ये तोच माग तू कानाशी आणून ठेवलास! धोट्याचा ठोका न् ठोका लखलखीत, वर सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर, म्हणजे सारख्या अंतराच्या ठेक्याच्या चौकटीत, चापूनचोपून बसवलेला. माग चालवणाऱ्याला तो इतका जवळून ऐकू येत असेल, पलीकडे अंथरुणावर पडलेल्या पोराला नाही.

भिंत आवाजाची धार खाते, दणका तेवढा पोचतो. त्यासाठी इक्वलायझरशी खेळत बसू नकोस. रेकॉर्डिंग एका खोलीत स्पीकरवर लाव, दार ओढून घे आणि शेजारच्या खोलीत माईक ठेवून पुन्हा टिप. ठोके ग्रिडवरून सोडव. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो, नवी घातली की पुन्हा खडखडायला लागतो. ऐकणाऱ्याला या थांबण्याची सवय लागू दे. मग एकदा थांबलेला माग सुरूच करू नकोस.

पाचव्या ट्रॅकमध्ये मावशी म्हणते, ‘नान्ना झोपलेत, गलका करू नको.’ (नान्ना म्हणजे तेलुगूत वडील.) खरा अल्बम तिथे आहे, आणि तू त्यावर ड्रोन, तो लांबवलेला एकसुरी स्वर, पसरून ते बुजवलंस. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राईशचं ‘डिफरंट ट्रेन्स’ (१९८८) ऐक. आईवडील वेगळे झाल्यामुळे तो लहानपणी न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस आगगाडीनं ये-जा करायचा, सांभाळणाऱ्या बाईंबरोबर. पुढे त्यानं त्याच बाईंच्या बोलण्याचे तुकडे घेतले आणि त्यांतले चढउतार तारवाद्यांच्या हाती दिले. चाल बोलण्यातूनच निघाली. तूही मावशीचं वाक्य आधी पेटीवर शोध. तिच्या मराठीतला तेलुगू हेल दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी निसटेल. तिथे सारंगी घे, तिसऱ्यातून काढलेली.

शेवटच्या ट्रॅकबद्दल आत्ता बोलत नाही, तो अजून झालेला नाही.

पाचव्याची मूळ फाइल पाठव, एमपी३ नको. आणि तो आवाज घेतलास हे मावशीला माहीत आहे का? नसेल तर आधी तिला ऐकव. ती नको म्हणाली तर नको.

तुझा,
सर