जुन्या वायरवर नवा ओव्हन आणि हॉब: एमसीबी शेवटी, आधी वायर

तुमच्याकडे जुना ओव्हन आणि हॉब (विजेची शेगडी) एकाच २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरवर होते, वर २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. आता ओव्हन ३ किलोवॅटचा आणि इंडक्शन हॉब ७.२ किलोवॅटचा आलाय, आणि कुणीतरी सल्ला दिलाय की एमसीबी ४० चा टाका, काम होईल. काम होईल हो, पण भिंतीत वायर तापत राहील आणि एमसीबी गप्प बसून बघत राहील. एमसीबी असतो तो वायर वाचवायला. त्याचा आकडा वायर ठरवते, हॉब नाही.

हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टवर ७.२ किलोवॅट म्हणजे साधारण ३१ अँपिअर, ओव्हनचे १३, एकूण ४४. सगळे बर्नर फुल आणि ओव्हनही तापतोय असं सलग फार वेळ होत नाही, त्यामुळे जाणते वायरमन पूर्ण ४४ धरत नाहीत आणि ते बरोबरच आहे. तरी पाइपातून गेलेल्या २.५ च्या तांब्याच्या वायरवर मी स्वतः २० च्या वर जात नाही. माझं मत: जुनी लाइन ओव्हनला ठेवा, तिथे १६ चा एमसीबी पुरतो. हॉबसाठी डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) ६ स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन आणि ३२ चा एमसीबी. ही लाइन ओढणं परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम. भिंत फोडायचीच नसेल तर हॉबच्या पुस्तिकेत पॉवर कमी करायची सेटिंग आहे का बघा, काही मॉडेलना असते. पण मग ओव्हनला तरी वेगळी लाइन लागेलच.

आता खरी गडबड जिथे होते ती जागा, म्हणजे हॉबच्या खालचं टर्मिनलचं झाकण. आत एल१, एल२ (फेज) आणि एन (न्यूट्रल) असे स्क्रू आणि त्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या असतात. सिंगल फेजला कोणती पट्टी कुठे हे झाकणावर किंवा पुस्तिकेत काढलेलं असतं. जुन्या हॉबचा फोटो बघून नवा जोडू नका, प्रत्येकाची मांडणी वेगळी. पट्टी लावायची राहिली तर अर्धे बर्नर मुके राहतात. थ्री-फेज घरात न्यूट्रलच्या जागी दुसरा फेज गेला तर २३० ऐवजी ४०० व्होल्ट बसतात आणि आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलंच.

काही हॉबना कंपनीतूनच केबल बसवलेली येते: तपकिरी, काळी, निळी, राखाडी आणि हिरवी-पिवळी. यातल्या बऱ्याच हॉबमध्ये सिंगल फेजला तपकिरी आणि काळी दोन्ही फेजला जातात, निळी आणि राखाडी न्यूट्रलला. जुन्या रंगांची सवय असलेला माणूस काळी वायर दिसली की डोळे झाकून न्यूट्रलला लावतो. रंगावर जाऊ नका, आकृती बघा.

स्क्रू नीट आवळा. सैल जोडात समजा ०.१ ओहम रोध आला, तर ३० अँपिअरला त्या एका स्क्रूवर ९० वॅट उष्णता होते. साध्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त! बारीक तारांच्या केबलला टोकाला फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी) दाबा, एकही तार बाहेर राहू देऊ नका. ओव्हनच्या पाठीला केबल टेकणार असेल तर साधी पीव्हीसी नको, उष्णता सहन करणारी रबरी घ्या. अर्थिंग आधी जोडा, काढताना शेवटी काढा.

हात लावण्याआधी मेन बंद करून मल्टिमीटरने तपासा. मीटर आधी चालू पॉइंटवर, मग बंद केलेल्या जोडावर, मग पुन्हा चालू पॉइंटवर लावा, म्हणजे मीटरच बिघडलेला नाही हे कळतं. निऑन टेस्टरवर विसंबू नका.

पहिल्यांदा ओव्हन लावल्यावर आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) पडला तर लगेच घाबरू नका. एलिमेंटच्या आतली पावडर साठवणीत ओल धरते आणि थोडा करंट अर्थकडे जातो. आरसीसीबी न पडता टिकत असेल तर ओव्हन १०० अंशांवर अर्धा-पाऊण तास चालवून सुकवा. तरीही पडत राहिला तर इलेक्ट्रिशियनकडून इन्सुलेशन टेस्ट करून घ्या, आरसीसीबी बायपास मात्र कुणालाही करू देऊ नका.