पाउलीच्या पत्रातला ‘न्यूट्रॉन’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आलाय की न्यूट्रिनोची (विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण) कल्पना भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीच्या १९३० च्या पत्रात पहिल्यांदा आली असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण पत्र उघडून बघितलं तर त्यात ‘न्यूट्रिनो’ नाहीच, सगळीकडे ‘न्यूट्रॉन’ आहे, मग ही भाषांतराची चूक का? नाही, चूक नाहीये. पाउलीने खरंच न्यूट्रॉन लिहिलंय, आणि तसं का झालं ते फार सुंदर प्रकरण आहे.

पत्र ४ डिसेंबर १९३० चं, झुरिकहून लिहिलेलं. ट्युबिंगेनला किरणोत्सारावर काम करणारी मंडळी जमणार होती, लीझ माइटनर आणि हान्स गायगर (काउंटरवाला तोच) त्यात होते. मायना आहे ‘प्रिय किरणोत्सारी स्त्री-पुरुषहो’! बीटा ऱ्हासात, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या किरणोत्सारात, त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा दर वेळी वेगळी निघायची, हिशेबच जुळत नव्हता, आणि नील्स बोरसारखा माणूस सुद्धा म्हणायला लागला होता की ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इथे सोडून द्यावा लागेल. पाउलीने सुचवलं की नियम ठेवूया आणि अणुकेंद्रात अजून एक कण धरूया, विद्युतभार नसलेला, प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या ०.०१ पटीहून जड नसलेला, आणि हिशेबात कमी पडणारी ऊर्जा तोच घेऊन जातो. भार नाही, न्यूट्रल आहे, म्हणून न्यूट्रॉन. सरळ नाव.

पण त्याच पत्रात तो असंही लिहितो की हे छापायचं धाडस मला सध्या होत नाही, म्हणून आधी विश्वासाने तुमच्याकडे आलोय. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. छापील पेपरमध्ये असं काही मांडायचं म्हणजे पुरावा हवा आणि पुरावा शून्य होता, तेव्हा ही कल्पना जगली ती खाजगी पत्रामुळेच, जिथे विश्वासातल्या लोकांना सांगता येतं की बघा बुवा, असं असू शकेल का, तुम्ही प्रयोगवाले आहात तर तुम्हाला काय वाटतं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत यावर बोलला पण ते भाषणही त्याने छापू दिलं नाही. आणि छापलं नाही म्हणून नावावर त्याचा हक्कही बसला नाही. फेब्रुवारी १९३२ मध्ये जेम्स चॅडविकने ‘नेचर’मध्ये जवळजवळ प्रोटॉनइतक्याच वजनाचा भाररहित कण जाहीर केला, त्याला न्यूट्रॉन म्हटलं, आणि ते नाव कायमचं तिकडे गेलं.

आता यातली गंमत बघा, पाउलीच्या कणावर कामं दोन होती. एक बीटा ऱ्हासातली ऊर्जा. दुसरं नायट्रोजन-१४ चं कोडं, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे अणुकेंद्रात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन मानले तर एकूण २१, विषम, आणि मोजमापं तर केंद्रात सम संख्येने कण असल्यासारखी येतात. चॅडविकचा न्यूट्रॉन आल्यावर ७ प्रोटॉन अधिक ७ न्यूट्रॉन म्हणजे १४, कोडं सुटलं. म्हणजे पाउलीने न्यूट्रॉनला दिलेलं अर्धं काम नावासकट चॅडविकच्या कणाकडे गेलं आणि उरलेलं अर्धं काम करणारा हलका कण बिननावाचा राहिला.

त्याला नाव मिळालं रोममध्ये, एन्रिको फर्मीच्या गटात, आणि तेही बोलता बोलता. एदोआर्दो अमाल्दीने सहज गंमतीत ‘न्यूट्रिनो’ म्हटलं आणि फर्मीने ते पुढे परिषदांमधून वापरून रूढ केलं. इटालियनमध्ये ‘ओने’ प्रत्यय मोठेपणाचा आणि ‘इनो’ लहानपणाचा, त्यामुळे ‘न्यूट्रोने’ त्यांच्या कानाला ‘मोठा न्यूट्रल’ असाच लागतो, मग लहान तो न्यूट्रिनो. आपल्याकडे सुरा-सुरी, लोटा-लोटी म्हणतो ना, तसंच.

म्हणून मराठीत कोणी ‘छोटा न्यूट्रॉन’ असा अर्थ देत असेल तर तो बरोबर नाही, लहानपणाचा प्रत्यय ‘न्यूट्रल’ला लागलाय आणि कण म्हणून दोघांचं नातं तसं काही नाही. मी तरी न्यूट्रिनो असंच लिहितो, पुल्लिंगी, अनेकवचनही तेच, ‘कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी वातावरणातले न्यूट्रिनो टिपले’ असं. आणि पाउलीची त्या काळातली पत्रं वाचताना आधी तारीख बघा, १९३२ च्या आधी त्याने न्यूट्रॉन लिहिलं असेल तर बहुतेक तो हाच हलका कण.